सोसायटीच्या बागेतल्या गांधीलमाश्या: पोळं लहान असतानाच गाठा

पावसाळा संपत आला की ग्रुपवर मेसेज सुरू, घसरगुंडीखाली गांधीलमाश्या झाल्यात, पोरांना खाली पाठवू नका. तोवर पोळं तळहाताएवढं झालेलं असतं, मग पेस्ट कंट्रोलवाल्याशिवाय इलाज नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा कुणीतरी वाकून बघायचं (वॉचमनला सांगून भागत नाही, तो वरवर बघून जातो). घसरगुंडीच्या पायऱ्यांखाली, बाकाच्या फळीच्या आतल्या बाजूला, शेडच्या पत्र्याच्या कोपऱ्यात, बंद पडलेल्या दिव्याच्या डब्यात. नवीन पोळं म्हणजे बारीक देठाला उलटं लटकलेलं करड्या कागदाचं छोटंसं झुंबर, मोजून आठ-दहा घरं आणि वर एखाद-दुसरी माशी. लाकूड कुरतडून लाळेत कालवून त्या तो कागद बनवतात. माशी उडून गेली की लांब काठीने देठ तोडायचा, पोळं उचलून टाकायचं, जागा साबणाच्या पाण्याने पुसायची आणि पुढचे काही दिवस परत परत बघायचं, कारण त्या तिथेच पुन्हा बांधायला घेतात.

झोपाळ्याच्या पोकळ पाईपांची तोंडं उघडी असतील तर प्लास्टिकच्या टोप्या बसवून घ्या, फार खर्च नाही. मातीचं मडकं करणारी कुंभारीण माशी मात्र एकटी राहते, उगाच अंगावर येत नाही, तिला राहू द्या.

बर्थडे पार्टी असेल तर केक, सरबत झाकून ठेवा, आंब्याच्या साली आणि फ्रूटीचे खोके झाकणाच्या डब्यात टाका, गळका नळ दुरुस्त करा, गांधीलमाश्या पाण्यालाही येतात. गांधीलमाश्या लांब राहाव्यात म्हणून बाजारात खोटी पोळी लटकवायला मिळतात, माझ्या मते पैसे वाया.

मोठं पोळं असेल तर दगड नाही, टेंभा तर अजिबात नाही. दोरी बांधून जागा बंद करा आणि अंधार पडल्यावर माहितगार माणसाकडूनच काढून घ्या. झाडावर किंवा गच्चीखाली आग्या मोहोळ असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याच्या वाटेला जाऊच नका.

गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी तुटून राहत नाही, एकच माशी परत परत चावते, त्यामुळे हात न झटकता आधी तिथून लांब व्हायचं. मग साबणाने धुऊन बर्फ. ओठ किंवा डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८ ला फोन.