मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोडजवळ घरीच मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं गणित घेते, आणि नवीन बॅच आली की मोठ्या संख्येवर त्याच त्या चुका, आता खरंच वैताग येतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मधेच थांबणं. 10403 मूळ संख्या आहे का विचारलं की पोरं 2, 3, 5, 7, 11, 13 ने भागतात, एखादा फार तर 19 पर्यंत जातो, आणि "मॅडम, मूळ आहे" म्हणून मोकळे. अरे, कशावरून? आधी वर्गमूळ बघा ना. 102 चा वर्ग 10404, म्हणजे आपल्या संख्येचं वर्गमूळ 102 च्या जरासं खाली, म्हणून 101 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या, आणि नेमका 101 नेच भाग जातो, 101 × 103. जो 97 ला कंटाळला त्याचं उत्तर चुकलंच. आणि ज्याने वर्गमूळ आधी लिहिलं त्याला 102² − 1² समोरच दिसतं, भागाकार करायचीही गरज नाही. मी तर संख्येखाली पहिलं वर्गमूळच लिहिते, मग पुढचं.

दुसरी चूक एक्सेलवर डोळे झाकून विश्वास. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, 6174 हा कापरेकर स्थिरांक शोधणारे, त्यांनी हर्षद संख्या सांगितल्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या. यावर मी सोळा वेळा 1 असलेली संख्या दिली होती. एक हुशार पण भयंकर घाईचा मुलगा दोन मिनिटांत लॅपटॉप घेऊन आला, "हर्षद आहे मॅडम, भाग पूर्ण गेला". स्क्रीनवर 1111111111111110, बेरीज 15, आणि 15 ने भागून 74074074074074. एकदम चोख! फक्त संख्या आपली नव्हतीच. एक्सेल 15 अंकच जपतं, सोळाव्या जागी गुपचूप शून्य टाकतं. खऱ्या संख्येची बेरीज 16, संख्या विषम, 16 ने भाग जाणारच कसा? शेवटचा अंक बघितला असता तर लॅपटॉप उघडावाच लागला नसता. सेलला टेक्स्ट फॉरमॅट दिला तर अंक टिकतात पण गणित करायला गेलात की परत 15 च. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पूर्णांक कितीही मोठा सांभाळते, पण तिथेही भागाकाराला एक तिरकी रेघ देऊ नका, दोन द्या, नाहीतर उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक गेले. मी आधी कागदावर शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज बघते, मशीन नंतर.

बाकीच्या चुका पटकन सांगते. अंकांची बेरीज 3 आणि 9 साठी चालते, 27 साठी नाही: 9981 ची बेरीज 27 आहे, बाकी 18 उरते. 4 ने आणि 6 ने भाग गेला म्हणजे 24 ने जातो असं नाही, 36 करून बघा. 11 साठी एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या आणि त्यांतला फरक बघायचा, सगळ्यांची बेरीज नाही.

आणि विभाजक मोजताना घातांकांत एक मिळवून गुणाकार करायचा, बेरीज नाही. 720720 = 2⁴ × 3² × 5 × 7 × 11 × 13, म्हणून 5 × 3 × 2 × 2 × 2 × 2 = 240. बेरीज करणाऱ्यांचे येतात 16, आणि त्यांना शंकाही येत नाही, 1 ते 16 मधल्या सगळ्याच संख्यांनी 720720 ला भाग जातो, ही संख्या स्वतः तर अजून मोजलीच नाही.