फाइल बिघडली की डिस्क?

पावसात फोंड्याला वीज कधी जाईल याचा नेम नाही. परवा तशीच गेली आणि दुकानातल्या संगणकाच्या उबुंटूवर (विंडोजसारखीच एक सिस्टीम, लिनक्सची) छपाई रुसली. अशा वेळी अख्खी सिस्टीम नव्याने टाकायची घाई नको. आधी 'डेबसम्स' (debsums) हे फायली तपासणारं साधन घालून चालवा. ते पॅकेजांच्या, म्हणजे घातलेल्या प्रोग्रामांच्या, फायलींचा एमडी५ ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) मूळ नोंदीशी ताडून पाहतं. (सेटिंगच्या फायली वगळतं, त्या बहुधा आपणच बदललेल्या असतात.) 'फेल्ड' आलं, म्हणजे ठसा जुळला नाही, तर तेवढंच पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा.

पण पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी डिस्क बघा, नाहीतर फुटक्या घागरीत पाणी. बॅकअप घ्या, मग डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'चा (smartctl) तक्ता काढा. वरचं 'पास्ड' वाचून निर्धास्त होऊ नका. हार्ड डिस्क असेल तर ५, १९७ आणि १९८ या ओळींचा (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) शेवटचा आकडा पाहा. शून्य असेल तर बरं. वाढत चालला तर डिस्क बदलायचीच. १९९ (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढत असेल तर संशय डिस्कच्या केबलवर. माझी सैलच होती, नीट खोचली. तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

डेबसम्स दर खेपेला वेगळीच फाइल दाखवत असेल तर मात्र रॅम तपासा.