फिश टँकला एलईडी लावावा की ट्यूब? खान्देशातला उन्हाळा धरून दिवा कसा निवडावा

फिश टँकच्या दिव्याबद्दल वाचायला मिळणारे बरेच सल्ले थंड हवेच्या प्रदेशांतून आलेले असतात. तिथे पाणी गरम ठेवायला हीटर लागतो, त्यामुळे दिव्याची ऊब कुणाला खटकत नाही. आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबच्या वरच्या मजल्यावर रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला की ती तापलेली लागते. म्हणून खान्देशात दिवा घेताना आधी पाण्याच्या तापमानाचा विचार करावा आणि मग उजेडाचा.

तापमानाला इतकं महत्त्व देण्याचं कारण ऑक्सिजन आहे. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहू शकतो. ३५ अंशांना हाच आकडा ६.९ च्या आसपास येतो. पाणी तापतं तशी माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढत जाते. मे महिन्याच्या दुपारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला असल्यामुळे सगळ्यात आधी तो हैराण होतो. गप्पी आणि मॉली त्या मानाने पुष्कळ सोसतात.

पहिली पायरी: आत्ताचा दिवा पाणी किती तापवतो ते मोजा

दुकानात जाण्याआधी हे घरीच करून बघा. काचेचा साधा थर्मामीटर टँकमध्ये सोडा. एक दिवस दिवा नेहमीसारखा चालवा आणि सकाळी लावण्यापूर्वी व रात्री बंद करताना असं दोनदा तापमान लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी दिवा अजिबात न लावता त्याच वेळांना पुन्हा तापमान घ्या. दोन्ही दिवस कूलर आणि पंखा सारखेच चालले पाहिजेत, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. दोन दिवसांतल्या वाढीत जो फरक दिसेल तो तुमच्या दिव्याचा आणि झाकणाचा वाटा. फरक एका अंशापेक्षा जास्त असेल आणि उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जात असेल, तर दिवा बदलण्याला पुरेसं कारण आहे. मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात किंवा तळमजल्यावर टँक असेल तर फरक जाणवण्याइतका नसेलही. मग घाई करू नका.

दुसरी पायरी: दोन्ही दिव्यांची उष्णता कुठे जाते ते समजून घ्या

फिश टँकवर दोन प्रकारच्या ट्यूब दिसतात. जाडसर, २६ मिलिमीटर व्यासाची ती टी८ आणि बारीक, १६ मिलिमीटरची ती टी५. दोन फुटी टी८ ट्यूब १८ वॅटची असते, पण तिच्यासोबत जुना तांब्याचा चोक असेल तर तोही आठ-दहा वॅट खातो आणि ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. चोक झाकणाच्या आतच बसवलेला असला तर ही उष्णता थेट पाण्याच्या डोक्यावर कोंडून राहते. ट्यूबचा उजेड चारही बाजूंना पडत असल्यामुळे वर जाणारा अर्धा भाग चकचकीत परावर्तक नसेल तर बराचसा वाया जातो.

टी५ जास्त कार्यक्षम आहे. टी८ सुमारे २५ अंशांच्या हवेत सर्वांत चांगली पेटते आणि टी५ सुमारे ३५ अंशांच्या. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात बंद झाकणाखाली टी८ मंद पडते, पण टी५ आपला उजेड बऱ्यापैकी टिकवून धरते. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक चोक आणि परावर्तक असलेली चांगली टी५ पट्टी असेल, तर केवळ जुनी झाली म्हणून ती काढून टाकू नका.

एलईडी गरम होत नाही, असं दुकानात सर्रास सांगतात. ते खरं नाही. एलईडीही तापतो, पण त्याची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून वरच्या बाजूला निघते आणि उजेड एकाच दिशेने खाली पडतो. त्यामुळे टी८ इतका उजेड पाण्यापर्यंत पोचवायला साधारण निम्मे वॅट पुरतात आणि एकूण उष्णताही त्याच मानाने कमी होते. मात्र हाच एलईडी हवा न खेळणाऱ्या लाकडी झाकणात बसवला, तर ती उष्णता त्याच्याच मुळावर येते आणि डब्यावर लिहिलेलं ५०,००० तासांचं आयुष्य कागदावरच राहतं.

माझ्या मते आपल्यासाठी एलईडीचा खरा फायदा झाकणाचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाय असलेली किंवा क्लिपने अडकवायची एलईडी पट्टी लावली की टँकवर बंद झाकण लागत नाही. पाण्याचा पृष्ठभाग मोकळा राहतो, वाफ होत राहते आणि माठातलं पाणी जसं गार होतं तसं टँकचंही होतं. खान्देशातली एप्रिल-मेची हवा कोरडी असल्यामुळे हे इथे फार चांगलं चालतं. पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी खाली येतं. मासे उडी मारणारे असतील तर वर जाळी टाका. वाफेमुळे पाण्याची पातळी रोज खाली जाईल आणि भर घालावी लागेल. त्यासाठी बोअरचं जड पाणी रोज ओतू नका, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात आणि साठत जातात. भर घालायला आरओचं पाणी बरं. पावसाळा लागून हवा दमट झाली की पंख्याचा हा गुण कमी होतो, पण तोवर उन्हाळाही सरलेला असतो.

हिवाळ्याचं काय, असं कुणी विचारेल. धुळे-जळगावकडे थंडीही कडक पडते हे खरं आहे. पण ट्यूब दिवसा ऊब देते आणि पाणी गारठतं पहाटे. त्या वेळी थर्मोस्टॅटचा हीटरच कामाला येतो, तेव्हा थंडीसाठी म्हणून ट्यूब ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: उजेड किती हवा याचा हिशेब करा

टँकची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. म्हणजे लिटर मिळतील. २×१×१ फुटी टँक ५६ लिटरचा होतो; वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी साधारण ४५ लिटर धरा.

आता वॅट विसरा आणि डब्यावर ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, शोधा. नुसते मासे, किंवा अनुबियास आणि जावा फर्नसारखी कमी उजेडात भागणारी झाडं असतील तर लिटरमागे १० ते २० ल्युमेन पुरतात. व्हॅलिस्नेरियासारखी झाडं नीट वाढवायची असतील तर २० ते ४०. त्यापुढे गेलात की कार्बन डायऑक्साइड आणि खत यांचाही सांभाळ करावा लागतो, नाहीतर झाडांऐवजी शेवाळच माजतं. ४५ लिटरला ३० ल्युमेनच्या हिशेबाने १३५० ल्युमेन होतात. वॅटला १०० ल्युमेन देणारा चांगला एलईडी घेतला तर १३-१४ वॅटमध्ये काम होतं. माशांपुरता टँक असेल तर सात वॅटही पुष्कळ.

पाण्याची खोली दीड फुटाच्या वर असेल तर थोडा जास्त उजेड धरा. टँक लांब असेल तर एलईडीची पट्टीही जवळजवळ टँकइतकीच लांब हवी. उजेड एका दिशेचा असल्यामुळे आखूड पट्टीने दोन्ही टोकांना अंधार राहतो आणि तिथली झाडं खुरटतात. ट्यूबचा पसरट उजेड या बाबतीत सरस असतो.

रंगाचं म्हणाल तर झाडांसाठी ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढरा उजेड घ्या. माशांचा लाल-केशरी रंग खरा दिसायला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ८० किंवा जास्त असावा. निळसर-पांढऱ्या स्वस्त पट्ट्यांखाली लाल गप्पीसुद्धा फिका दिसतो. फ्लॉवरहॉर्नसाठी विकतात त्या गुलाबी दिव्यांनी मासा लालभडक दिसतो, पण तो रंग दिव्याचा असतो.

चौथी पायरी: घरातली वीज कशी आहे ते बघा

व्होल्टेज पडलं की तांब्याच्या चोकची ट्यूब लुकलुकते, स्टार्टर टकटक करत राहतो आणि ट्यूबची टोकं लवकर काळी पडतात. एलईडीच्या अनेक ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. असा ॲडॉप्टर कमी व्होल्टेजलाही न कुरकुरता चालतो. वीज गेल्यावर परत येताना जो झटका बसतो तो मात्र एलईडीला भोवतो, म्हणून स्पाइक गार्ड लावा.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी हवेचा पंप जोडा, दिवा नंतर. दोन-चार तास उजेड नसला तरी माशांचं काही बिघडत नाही, पण उन्हाळ्यात पंप बंद पडला तर जीवावर बेततं.

बिलाचा फायदा दुकानदार फुगवून सांगतात. चोकसकट २६ वॅटची ट्यूब रोज आठ तास चालली तर महिन्याला सव्वासहा युनिट होतात आणि १० वॅटच्या एलईडीचे २.४. म्हणजे बचत महिन्याला चार युनिटच्याही आत. त्यापेक्षा ट्यूब बदलण्याचा खर्च जास्त जाणवतो. ट्यूब पेटत असली तरी तिचा उजेड आणि रंग उतरत जातो, म्हणून झाडांचा टँक असणारे साधारण वर्षाला ती बदलतात. शिवाय पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराखाली २०२३ मध्ये देशांनी सरळ फ्लुरोसेंट ट्यूब २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे आणि भारत त्या करारात आहे. पुढे टी५ किंवा टी८ ट्यूब मिळणं अवघडच होत जाणार. ट्यूबची नवी पट्टी आता विकत घेऊ नका, असंच मी सांगेन.

पाचवी पायरी: दुकानात काय तपासाल

वॅट, ल्युमेन आणि केल्विन हे तिन्ही आकडे डब्यावर नसतील तर ती पट्टी ठेवून द्या. ॲडॉप्टर पट्टीपासून वेगळा निघणारा असावा. एलईडीचे दाणे सहसा आधी जात नाहीत, ॲडॉप्टर जातो. तो वेगळा असेल तर तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. सीलबंद पट्टीत तोच बिघडला तर सगळी पट्टी टाकावी लागते. मागची बाजू ॲल्युमिनियमची आहे ना, ते हाताने बघा. पाण्याच्या अगदी जवळ लावायची असेल तर आयपी६७ किंवा आयपी६८ (आत पाणी न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं पाहा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरून पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, दुसरा मागा.

जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर स्टार्टर आणि चोकचं काय करायचं हे त्या ट्यूबच्या डब्यावर दिलेलं असतं. ते वायरमनकडून करून घ्या. पाण्यावर टांगलेल्या वायरिंगशी स्वतः प्रयोग नकोत.

सहावी पायरी: लावताना

वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलावरूनच खाली टपकेल. अर्थिंग तपासा. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, असेल तर उत्तम. टँकमध्ये हात घालण्याआधी दिवा, पंप, हीटर सगळं बंद करा.

वर काच ठेवत असाल तर तिच्यावर जड पाण्याचे पांढरे डाग बसतात आणि उजेड अडतो. आठवड्याला ओल्या फडक्याला थोडं व्हिनेगर लावून ती पुसा आणि धुऊन परत ठेवा.

नवा एलईडी पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ लावू नका. उतरलेल्या ट्यूबनंतर एकदम प्रखर उजेड पडला की मासे बिचकतात आणि काचेवर हिरवं शेवाळ धरतं. पहिले दोन आठवडे रोज सहा तास द्या, पट्टी थोडी उंच ठेवा. शेवाळ नसेल आणि झाडांना नवी पानं येत असतील तर सात-आठ तासांवर जा. उन्हाळ्यात हे तास दोन भागांत वाटा: सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते दहा. दुपारचा सगळ्यात तापलेला वेळ दिव्याशिवाय जातो आणि घरचे टँकसमोर बसतात तेव्हा तो उजळलेला असतो. टायमर घ्याल तर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. काट्याचा टायमर वीज गेली की मागे पडतो आणि महिन्याभरात संध्याकाळचा उजेड मध्यरात्रीपर्यंत सरकतो.

काढलेली ट्यूब फोडू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात घंटागाडीत टाकू नका. तिच्यात थोडा पारा असतो. पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. चुकून फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा-कूलर बंद करा, तुकडे पुठ्ठ्याने गोळा करून ओल्या कागदाने फरशी पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून त्याच ई-कचऱ्यात द्या. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा खोलीभर पसरतो.