फॅमिली प्लॅन घेऊनही वर्डमध्ये ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ (माझा अनुभव, इंदूर)

रामबागेतल्या घरी ३ लॅपटॉप, १ पीसी. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली (वर्ड, एक्सेल वगैरे ऑफिस ॲप्सचा घरच्यांत वाटता येणारा प्लॅन) घेतलं, आईला आमंत्रण पाठवलं, तरी तिच्या वर्डच्या वरच्या पट्टीत ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ (म्हणजे परवाना नाही) तसंच. रिपेअर केलं, दोनदा काढून पुन्हा टाकलं. दोन रविवार पाण्यात.

घोळ ऑफिस ॲप्समध्ये नव्हताच. आमंत्रणाची लिंक उघडली त्या ब्राउझरमध्ये बाबांचं अकाउंट चालू होतं आणि प्लॅनचे मालक तेच. त्यामुळे आईच्या नावावर प्लॅनमधली जागा लागलीच नाही.

आधी लिंक इन्कॉग्निटो खिडकीत (ब्राउझरची खाजगी खिडकी, तिथे आधीचं अकाउंट चालू नसतं) उघडा, आईच्याच ईमेलने साइन इन करून स्वीकारा. बाबांच्या अकाउंटच्या ‘शेअरिंग’ पानावर तिचं नाव दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मग वर्डमध्ये फाइल, अकाउंट, साइन आउट. ऑफिसची सगळी ॲप्स बंद. कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज साइन इनची माहिती साठवतं ती जागा) ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली ‘मायक्रोसॉफ्टऑफिस१६’ने (MicrosoftOffice16) सुरू होणाऱ्या नोंदी काढा, जुनं अकाउंट इथेच चिकटून बसतं. रीस्टार्ट, मग आईच्या ईमेलने साइन इन.

मालकासकट ६ जणांना चालतं, प्रत्येकाला एका वेळी ५ उपकरणं. एकच पासवर्ड घरभर वाटू नका, नाहीतर बाबांच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) सगळ्यांच्या फायलींची खिचडी होते.