आठचा नट आणि बोथट बाण

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला बाणाचं टोक विकत आणायला लाज वाटते, बोथट टोकं घरी करण्याचं एवढंच खरं कारण. बाकीची कारणं नंतर सुचली. पुतण्यानं धनुष्य घेतलं, सुगी आटपल्यावर येळ्ळूरच्या शिवारात सराव सुरू झाला, आणि टोकदार बाण गवतात शिरून असे गायब व्हायला लागले की अर्धी संध्याकाळ शोधण्यातच जायची. तेव्हा बोथट टोकं करायला घेतली.

आधी कायद्याचं बोलतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. ही टोकं मूळची बारक्या शिकारीची. अमेरिकेत परवाना काढून ससे, खारी मारतात, त्यासाठी बोथट टोक वापरतात. ते कापत नाही, हादऱ्यानं मारतं. शिवाय झाडावरच्या खारीवर सोडलेला बाण हुकला तर खोडात रुतून वरच अडकत नाही. फार लांब जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम मोठी, फुगीर पिसं लावतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे सगळं बंद आहे. ससा, मोर, रानडुक्कर, कशावरही बाण सोडायचा नाही. उसात डुकरं घुसली तर वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. खानापूर बाजूला तर भीमगडचं अभयारण्यच आहे, तिकडे धनुष्य घेऊन फिरूच नका. आपलं निशाण म्हणजे पिंजर ठासून भरलेलं पोतं, आणि त्याच्या मागे उंच बांध.

आता सामान. नटच बाणाचं बोथट टोक होतो. उद्यमबागेतल्या नट-बोल्टच्या दुकानात जाऊन ‘आठचा नट’ मागा. आठ मिलिमीटरच्या बोल्टवर बसणारा, तेराचा पाना लागतो तो. साधा झिंक केलेला घ्या. काळा नट स्वस्त पडतो, पण दवात एक रात्र राहिला की गंजतो. त्याच्यासोबत पाचचे वॉशर घ्या, साधे आणि दातेरी दोन्ही. चिकटवायला एरल्डाइट घ्या, पण पाच मिनिटांत सुकणारं नको, त्याची पकड कमी. चोवीस तासवालंच आणा. पॉलिश पेपर आणि थोडं थिनर घरात असेलच.

लाकडी किंवा बांबूचा आठ मिलिमीटरचा बाण असेल तर काम अगदी सोपं. आठच्या नटाचं आतलं भोक आट्यांच्या माथ्यावर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास भरतं. म्हणून बाणाचं पुढचं टोक नटाच्या उंचीएवढं, म्हणजे साधारण सात मिलिमीटर लांबीपर्यंत, कानशीनं घासून सात मिलिमीटर जाडीला आणायचं. इथे घाई करू नका. दोन घासे मारा, बाण थोडा फिरवा, परत दोन घासे. एकाच बाजूनं घासलं की नट तिरका बसतो, आणि तिरका नट म्हणजे हवेत डुलणारा बाण. ज्याच्याकडे लेथ आहे त्यानं चकमध्ये कापड गुंडाळून बाण धरावा आणि मंद फिरवत पॉलिश पेपरनंच उतरवावा. टूल लावलं तर बांबू फाटतो.

नट थिनरनं धुवून घ्या, त्यावर कारखान्याचं तेल असतं आणि तेलावर एरल्डाइट धरत नाही. मग कोरडाच नट हातानं पिळून बघा. आटे लाकडात स्वतःची वाट कापत जातात. नीट गेला की उलटा काढा, आटे कापलेल्या जागी एरल्डाइट चोळा आणि परत पूर्ण बसवा. पुढे लाकूड किंचित बाहेर आलं तर सुकल्यावर नटाच्या तोंडाशी सपाट घासून टाका. नटाच्या मागे बोटाच्या पेराएवढ्या जागेत शिवणाचा दोरा घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा आणि त्यावर उरलेलं एरल्डाइट फासायचं. आपटल्यावर बांबू चिरतो तो इथूनच, त्यामुळे हा दोरा टाळू नका.

काहींना डोम नट आवडतो, तोंड बंद असलेला, गोल टोपीचा. दिसतो छान. पण गोल टोक दगडावरून घसरतं आणि बाण भलतीकडे उडतो. साध्या नटाचे सहा कोपरे माती-गवत धरतात, बाण पडला तिथेच राहतो. माझं मत साध्या नटाला.

कार्बनच्या बाणाचं प्रकरण वेगळं. त्याच्या पुढच्या तोंडात ॲल्युमिनियमची नळी बसवलेली असते, तिला इन्सर्ट म्हणतात, टोक तिच्यात पिळून बसतं. तिला इंची आटे असतात, आठ-बत्तीस म्हणतात ते. इंचाला ३२ आटे, जाडी ४.१७ मिलिमीटर. आपल्या दुकानात हा स्क्रू सहसा मिळत नाही. चारचा स्क्रू आत ढिला खेळतो, पाचचा जातच नाही, आणि पान्यानं दाबून घातलात तर इन्सर्टचे आटे गेलेच म्हणून समजा. आम्ही लेथवाले बारा मिलिमीटरच्या सळईतून बोथट टोक काढून त्यावर इंची आटे पाडतो. तुमच्याकडे ती सोय नसेल तर बाणाबरोबर आलेलं टोकच ठेवा आणि त्याच्या मागे पाचचा दातेरी वॉशर सरकवा. वॉशरचं भोक ५.३ मिलिमीटर, टोकाच्या खांद्यावर बरोबर बसतं. टोक आणि इन्सर्टच्या मध्ये वॉशर आवळला की झालं. अणी आत शिरते, वॉशर अडवतो, दात गवताला धरतात. हे पूर्ण बोथट नव्हे हे लक्षात ठेवा, अणी तशीच आहे. लहान पोरांच्या हातात द्यायचं असेल तर नटवालाच बाण द्या, आणि शेजारी उभे राहा. बोथट नट लागूनही डोळा जाऊ शकतो, हाड मोडू शकतं.

अमेरिकेत लाकडी बाणावर पिस्तुलाचं रिकामं काडतूस बसवायची जुनी पद्धत आहे. अडतीस स्पेशलचं पुंगळं ११/३२ इंचाच्या काडीवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, फिट्ट जातं. आपल्याकडे त्या नादाला लागू नका, ते कुठून आलं हे पोलिसांना सांगत बसावं लागेल.

खरी मेख वजनात आहे. बाजारातलं टोक बहुधा १०० किंवा १२५ ग्रेनचं असतं, म्हणजे साडेसहा किंवा आठ ग्रॅम. आठचा साधा नट पाच ग्रॅमच्या आसपास भरतो. सरावाचं टोक हलकं आणि मुख्य टोक जड असलं की बाण दोन ठिकाणी लागतो आणि दोष धनुष्याला देतो आपण. टोक जड झालं की काडी जास्त लवते, हलकं झालं की ताठ वागते. म्हणून वजन जुळवा. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमनं उड्या मारतो, तो इथे कामाचा नाही. ओळखीच्या सराफाकडे जा, चहा घ्या आणि सगळी टोकं एकदाच तोलून आणा. कमी पडलं तर नटाच्या मागे वॉशर वाढवा, पण त्याचं भोक काडीवर घट्ट हवं. जास्त झालं तर नटाचे कोपरे ग्राइंडरवर सगळीकडून सारखे उतरवा.

सोडायच्या आधी बाण काचेच्या टेबलावर ठेवा, टोक कडेबाहेर लोंबू द्या आणि काडी बोटांनी लोळवा. नट एका जागी स्थिर फिरताना दिसला तर ठीक. वरखाली नाचला तर मेणबत्तीवर नट गरम करा, एरल्डाइट मऊ पडलं की काढा आणि नवं लावून सरळ बसवा. कार्बनच्या काडीजवळ मात्र आग नेऊ नका.

पोतं दहा-पंधरा पावलांवर ठेवून सुरू करा. वर आभाळाकडे बाण सोडायचा नाही, आणि वारुळावर तर अजिबात नाही. नागोबाचं असो वा नसो, आत कोणीतरी असतंच. शेतात मसूर पेरली असेल तर माळावर जा, नाहीतर बाण शोधताना पीक तुडवल्याबद्दल घरी ऐकून घ्यावं लागतं.

दगडाला लागलेला कार्बनचा बाण लगेच परत चढवू नका. दोन्ही टोकं धरून हलका वाकवा, फिरवत फिरवत चारही बाजूंनी, आणि कान लावा. कर्रकन आवाज आला, बोटाला कुसळ लागलं, किंवा इन्सर्ट हलताना जाणवला, तर बाण तिथेच मोडून टाका. फुटकी काडी धनुष्यातून सुटताना हातात घुसते. बांबूचा चिरला तर नट काढून पुढच्या काडीवर बसवा, तो फुकट जात नाही.