हायवेला पहिल्या शेतकऱ्यांचं नाव द्यायचं तर

कॅलिफोर्नियात हायवेच्या एखाद्या तुकड्याला नाव द्यायचं तर नुसता अर्ज करून भागत नाही, विधिमंडळाचा ठराव लागतो. ठराव मिळवणं फार कठीण नाही. त्यात लिहायचं काय, इथेच लोक ढिले पडतात.

मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इम्पीरियल व्हॅलीत सुरुवातीच्या पंजाबी शेतकऱ्यांचं नाव एखाद्या तुकड्याला मिळावं म्हणून काही घरांची खटपट चालू आहे. कागद लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तुम्ही मराठी, तुमचा काय संबंध?" असं एका आजोबांनी विचारलंच. मी वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं नाव घेतलं. ते याच पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी मजुरांमध्ये वावरले, भारताच्या स्वातंत्र्यासाठीच्या गदर चळवळीत होते, शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलं. आजोबांना पटलं. न पटतं तरी कागद मीच लिहिले असते, म्हणा.

सुरुवात आमदाराच्या ऑफिसात करू नका, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरात करा. आमच्याकडे म्हणजे एल सेंट्रोला, रेकॉर्डरच्या कचेरीत. जमिनीच्या व्यवहारांची सूची देणारा आणि घेणारा अशा दोन बाजूंनी असते. नुसतं 'सिंग' काढून बसलात तर दोन गोष्टी होतील: निम्म्या लोकांचं आडनाव तेच, आणि ज्यांनी जमीन कसली त्यांचं नाव बहुतेकदा कागदावर नसतंच. १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशा परदेशी माणसांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी झाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचं दारच बंद केलं. मग जमीन ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर ठेवायची, नाहीतर इथे जन्मलेल्या, म्हणून जन्मानेच अमेरिकन असलेल्या मुलांच्या नावावर. गावाकडून बायको आणणं शक्य नव्हतं. इथे बऱ्याच जणांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. त्यामुळे शोधायचं ते पहिलं नाव स्पॅनिश आणि आडनाव सिंग असलेलं पोर. त्याच्यापासून मागे जा, बाप सापडतो. १९२० च्या जनगणनेत याच बापांच्या वंशाच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलेलं दिसेल, माणूस शीख असो की मुसलमान. तिकडे वैतागू नका, उलट शोधायला ती खूण फार उपयोगी पडते.

या शोधाचा फायदा ठरावात दिसतो. इथल्या ठरावाची रचना ठरलेली: आधी 'ज्याअर्थी' या थाटाचे परिच्छेद, शेवटी नाव आणि हद्द. बोर्डावर चार शब्द मावतात, बाकी सगळं या परिच्छेदांत राहतं आणि विधिमंडळाच्या नोंदीत कायम होतं. म्हणून तिथे 'कष्टाळू', 'शूर' असली विशेषणं ओतू नका. १९०१ मध्ये कालव्याने कोलोरॅडो नदीचं पाणी या वाळवंटात आलं, कापूस नि खरबूज कोणी काढला, जमीन कोणाच्या नावावर ठेवावी लागली, १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट कशी उघडली, हे लिहा. घरातल्या मेक्सिकन आजींची नावं जरूर घाला. आमच्या पहिल्या मसुद्यात एकही बाई नव्हती, आणि त्यावर बैठकीत जी खडाजंगी झाली ती अगदी योग्य होती.

'इथले पहिले' असा दावा मात्र करू नका. क्वेचान, कुमेयाय, काहुईया हे इथले मूळ रहिवासी त्याआधी कित्येक पिढ्या इथे होते. 'कालव्याच्या शेतीतले सुरुवातीचे' इतकं म्हटलं की खरंही राहतं आणि कोणी बोटही ठेवत नाही.

एकाच माणसाचं नाव द्यायचं की सगळ्यांचं, यावर वाद होणारच. दलिपसिंग सौंद सोयीचे आहेत: बर्कलीचे गणितातले पीएच.डी., वेस्टमोरलंडला शेती, १९५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून गेलेले पहिले आशियाई. पण ज्यांच्या नावावर जमीनच होऊ शकली नाही त्यांची आठवण एका खासदाराच्या नावात मावत नाही. माझं मत समूहाच्या नावाला.

नाव लहान ठेवा. ताशी ६५ मैलांनी जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २९ मीटर कापते. मोठ्याने म्हणताना धाप लागली तर नाव लांब झालं.

आता कचेऱ्यांचं. तुकड्याला आधीच दुसरं नाव आहे का, हे राज्याच्या वाहतूक खात्याच्या, म्हणजे कॅलट्रान्सच्या, यादीत आधी बघा. तुकडा मर्यादित ठेवा. राज्याच्या विधिमंडळाची असेम्ब्ली आणि सिनेट अशी दोन सभागृहं आहेत; त्यातल्या सिनेटच्या वाहतूक समितीच्या धोरणात पाच मैलांची मर्यादा आहे, आणि स्थानिक पाठिंबा असावा, विरोध नसावा असंही. म्हणून शहर परिषद आणि काउंटीच्या कारभारी मंडळाचे पाठिंब्याचे ठराव आधी हातात घ्या, मगच आपल्या भागातल्या असेम्ब्ली किंवा सिनेट सदस्याकडे जा. सत्र जानेवारीत सुरू होतं, तेव्हा भेट त्याआधीच्या शरदात घ्यावी. ऑफिसातली पोरं त्या वेळी निवांत असतात आणि मसुदा नीट वाचतात. दोन्ही सभागृहांनी मंजूर केला की झालं, राज्यपालांची सही लागत नाही.

पैसे मात्र आपलेच. ठरावात स्पष्ट असतं की सरकारी तिजोरीबाहेरच्या स्रोतांतून पुरेशी देणगी आली तरच कॅलट्रान्स बोर्ड उभारेल. आकडा त्यांच्याकडूनच लेखी घ्या, आणि वर्गणी रोख गोळा करत बसण्याऐवजी आधी लेखी कबुली घ्या. ठराव अडला तर परत करण्याची भानगड नको. अनावरणाचा कार्यक्रम गावातल्या हॉलमध्ये ठेवा. हायवेच्या कडेला खुर्च्या मांडायला कोणी देणार नाही. तिथे जुने फोटो आणा म्हणून सांगा, स्कॅनर न्या, आणि प्रत्येक फोटोमागे कोण कोण आहे ते पेन्सिलने तिथल्या तिथे लिहून घ्या.