शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला कमी पैशात चांगला टायर कसा घ्यायचा

टायर घ्यायची बुद्धी आपल्याला बहुतेक वेळा पंक्चरवाल्याच्या दुकानातच होते. चाक खोललेलं असतं, तो टायर आतून उलटा करून दाखवतो, "दादा, ह्यात आता काही राम नाय, धागे दिसायला लागले बघा", आणि मग त्याच्याकडं जो टायर लटकलेला असेल तो, तो सांगेल त्या भावात घ्यायचा, कारण ऑफिसला उशीर होतोय आणि गाडी ढकलत न्यायची कुणाची इच्छा नसते. पैसे जातात ते इथं. कंपनी कुठली घेतली यावरून फार तर दोनतीनशेचा फरक पडतो पण घाईत घेतला तर भाव, साईज, तारीख सगळंच हातातून जातं. म्हणून टायरमध्ये अजून दोनतीन महिन्यांचा जीव आहे तेव्हाच सुरुवात करायची.

आधी बघा खरंच बदलायचाय का

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, एकदम कडेला, छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत बघितलं की तळाला रबराचा बारीक उंचवटा दिसतो. वरची ग्रिप घासत घासत त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. आपल्याकडं नियमानुसार दुचाकीला निदान ०.८ मिमी खाच पाहिजे, आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात तेवढ्यावर सुद्धा अवलंबून राहू नये, शहाबादी फरशीसारख्या गुळगुळीत झालेल्या सिमेंट रोडवर मागचं चाक कधी निसटेल सांगता येत नाही.

ग्रिप भरपूर आहे पण साईडला बारीक चिरा पडल्यात, असंही होतं, खासकरून ज्यांची गाडी कमी फिरते आणि उन्हात उभी असते त्यांचं. पाचसहा वर्षं झालेला टायर असेल तर ग्रिपकडं बघून खूश होऊ नका, रबर कडक झालेलं असतं.

आणखी एक, जुना टायर कसा झिजलाय ते बघून घ्या, कारण झिजण्याचं मूळ तसंच राहिलं तर नवा पण तसाच जाणार. मधोमध चपटा झाला असेल तर हवा जास्त मारताय (किंवा रोजचं हायवेचं सरळ रनिंग आहे), दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी असते, एकाच बाजूनं गेला असेल तर चाक तिरकं बसलंय किंवा रिमला आऊट आहे, म्हणजे रिम वाकडी फिरतेय. आऊट असेल तर नवा टायर टाकायच्या आधी रिमचा आऊट काढून घ्या, स्पोकची रिम असेल तर ते काम फार महाग नसतं.

साईज घरूनच लिहून न्या

मोबाईलवर जुन्या टायरचा फोटो काढायचा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. हे एवढंच काम आहे पण निम्मे लोक करत नाहीत आणि दुकानात "स्प्लेंडरचा टायर द्या" एवढंच म्हणतात. आता स्प्लेंडर म्हटलं तर जुन्या मॉडेलला २.७५-१८ आणि नव्या ट्यूबलेस मॉडेलला ८०/१००-१८. प्लॅटिना १०० ला पुढं २.७५-१७ आणि मागं ३.००-१७. १७ चा टायर १८ च्या रिमवर चढत नाही, त्यात चूक व्हायची शक्यता कमी, चूक होते ती आधीच्या आकड्यात.

८०/१०० म्हणजे रुंदी ८० मिमी आणि उंची रुंदीच्या शंभर टक्के, म्हणजे ती पण ८० मिमी. जुन्या पद्धतीचा २.७५ हा आकडा इंचात आहे आणि मापाला तो ८०/१०० च्या जवळचाच, त्यामुळं २.७५-१८ च्या जागी ८०/१००-१८ टाकला तर सहसा अडचण येत नाही. तसंच ३.०० च्या जागी ९०/९० चालतो. पण "जाडा टायर टाकू का, लुक येतो" म्हणून दोन साईज वर गेलात तर चेनकव्हरला नाहीतर मडगार्डला घासणार, ॲव्हरेज कमी होणार, आणि अरुंद रिमवर जाड टायर फुगा झाल्यागत बसतो त्यामुळं वळणावर गाडी डोलते ती वेगळीच. लुकसाठी पैसे घालायचेच असतील तर सीट कव्हर बदला.

साईजनंतर जो आकडा आणि अक्षर असतं, उदा. ४२पी किंवा ४८पी, त्याच्याकडं कुणी बघत नाही आणि स्वस्तातल्या व्यवहारात गडबड इथंच होते. आकडा म्हणजे टायर किती वजन उचलणार त्याचा कोड. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किमी, आपल्या गाड्यांना तेवढं पुष्कळ झालं. आता हिशोब करा, गाडी ११२ किलोची, चालवणारा ७०, मागं बसलेला ६५, झाले २४७. डबलसीट असताना यातलं पासष्ट टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे १६० किलो. वर कुणी बाजारातनं ज्वारीचं अर्धं पोतं आणलं तर अजून वाढलं. मागं ४२ वाला टायर टाकला असेल तर तो रोज ओव्हरलोड चाललाय. जुन्या स्प्लेंडरला पुढची-मागची साईज सारखीच असल्यामुळं दुकानदार बिनधास्त पुढचा टायर मागं देतो, "चालतंय हो शेठ, सगळे हाच टाकतात". चालतो, फक्त लवकर फुगतो नाहीतर चिरतो. मागच्या चाकाला कंपनीनं दिलाय तेवढा किंवा त्याच्या वरचाच आकडा घ्या, खालचा नाही.

ट्यूब की ट्यूबलेस

स्पोकच्या रिमला ट्यूबच लागते, विषय संपला. ट्यूबलेस टायर स्पोकच्या रिमवर ट्यूब घालून चालवता येतो पण त्यासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही. उलटं मात्र करायचं नाही, म्हणजे ट्यूबवाला टायर बिनट्यूबचा. आणि अलॉय आहे म्हणजे ट्यूबलेसच असणार असं धरून चालू नका, जुन्या बऱ्याच अलॉय रिमा ट्यूबवाल्याच आहेत. टायर जागेवर धरून ठेवायला ट्यूबलेस रिमच्या आतल्या बाजूला उंचवटा असतो तो त्यांना नसतो, त्यामुळं हवा कमी झाली की टायर रिमवरनं सुटू शकतो. रिमवर ट्यूबलेस लिहिलंय का ते बघा, नाहीतर आधी ट्यूब होती का ते आठवा.

कंपनी आणि भाव

एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, जेके, अपोलो, राल्को, यातलं काहीही घ्या, रोजच्या तीसचाळीस किलोमीटरच्या रनिंगला कुठलाही वाईट नाही. एमआरएफचा भाव सहसा वर असतो, राल्कोचा खाली, बाकीचे मधे. माझं मत विचाराल तर मागचा टायर मधल्या भावातला आणि पुढचा जरा बरा घ्यावा, कारण मागचा तसाही लवकर झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. लोक बरोबर उलटं करतात. सीएटचे दुचाकीचे टायर आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीला पण बनतात, त्यामुळं त्यांचा माल आपल्याकडं सहसा कुठंही मिळतो. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा टायर पाचशे रुपये स्वस्त मिळत असेल तर त्याच्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६२७ हा नंबर आहे का बघा, नसेल तर तो फुकट दिला तरी नको.

या गाड्यांचा टायर साधारण दीड ते सव्वादोन हजारात बसतो, साईजप्रमाणं थोडं खालीवर. एमआरपीला कुणीच घेत नाही, निदान घेऊ नये. तीन दुकानांत फोन करून पूर्ण साईज सांगून "फिटिंगसकट किती" एवढंच विचारा, फिटिंगसकट हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर टायर शंभरनं स्वस्त आणि फिटिंग दोनशे असा खेळ होतो. नवीन टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरनं १८ टक्क्यांवर आला, म्हणजे टॅक्स सोडून १४०० चा टायर आधी १७९२ ला पडायचा तो आता १६५२ ला. कुणी जुन्या एमआरपीचं स्टिकर दाखवून "बघा केवढा डिस्काउंट दिला" म्हणत असेल तर हे १४० रुपये तुमचेच आहेत.

दुकान कुठलं? गल्लीतला पंक्चरवाला एकदोन टायर ठेवतो, त्याला स्वतःला महाग मिळतो. शोरूममध्ये लेबर चार्ज वेगळा. टायरचंच मोठं दुकान किंवा पार्टचं मार्केट असेल तिथं भाव बरा मिळतो, पुण्यात नाना पेठेत तासभर फिरलं की रेट कळतो, तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या आजूबाजूला बघा. ऑनलाईन कधीकधी खरंच स्वस्त पडतं पण तारीख बघून घेता येत नाही आणि स्वतःचा टायर घेऊन गेलं की फिटिंगवाला जरा तोंड वाकडं करतो नि चार्ज पण जास्त लावतो, ते धरून हिशोब करा. आणि मे महिन्यात घ्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळ्यांना एकदम ग्रिप आठवते, मग दुकानदार कशाला कमी करतोय.

तारीख बघितल्याशिवाय चढवू द्यायचा नाही

टायरच्या साईडला लंबगोलात चार आकडे असतात. ०८२६ असेल तर २०२६ चा आठवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी. सहासात महिन्यांपर्यंतचा माल नॉर्मल आहे, वर्षापर्यंत पण घ्यायला हरकत नाही. दोन वर्षं जुना असेल तर एक तर नाही म्हणा नाहीतर भाव चांगला पाडा, तो पण टायर सावलीत ठेवलेला असेल तरच. रस्त्यावर उन्हात टांगून ठेवलेला डिस्प्लेचा टायर कधी घेऊ नका. हे सगळं टायर दुकानदाराच्या हातात असताना बघायचं, एकदा रिमवर चढला की परत घेत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे.

सेकंडहँडवाले टायर हजाराच्या आत मिळतात म्हणून मोह होतो. त्यात बरेच झिजलेल्या टायरला गरम हत्यारानं नवी खाच पाडलेले असतात. ओळखायचं कसं, तर खाचेत तो सुरुवातीला सांगितलेला उंचवटा शोधायचा, तो कापला गेलेला असतो किंवा गायबच असतो, खाचेची कड ब्लेडनं कापल्यासारखी धारदार लागते, आणि वरनं पॉलिश मारून काळाकुट्ट केलेला असतो. खाच पाडताना खालचं रबर पातळ होतं, खडीवर गेला की संपला. घेऊ नका.

फिटिंगला उभं राहा

चहाला जाऊ नका. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, तो पुढं जाण्याच्या दिशेला पाहिजे. नव्या टायरला ट्यूब पण नवी घाला, दोनअडीचशेची वस्तू आहे, जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत घडी पडते आणि घडीवरच पंक्चर होते. स्पोकची रिम असेल तर आतली रबरी पट्टी फाटलीय का, निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) गंजून वर आलेत का ते तुम्ही स्वतः बोट फिरवून बघा. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी येऊ द्या. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ दिसते, ती सगळीकडनं सारखीच बाहेर पाहिजे, एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत भरायला लावा. नाहीतर गाडी चाळीसच्या पुढं उड्या मारते आणि लोक शॉकअप बदलत बसतात.

मागचं चाक बाहेर आलंच आहे तर ब्रेकचे लायनर, ड्रम रबर आणि बेअरिंग पण बघून घ्या, परत खोलायची मजुरी वाचते. चाक बसवल्यावर चेन मधोमध वरखाली साधारण इंचभर हलली पाहिजे, दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या पाहिजेत, ब्रेकच्या रॉडचा नट आणि त्यातली पिन लागलीय का बघा. पिन विसरणारे महाभाग आहेत.

बिल घ्या, त्यावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या, बनावटीत दोष निघाला तर क्लेम त्याच्यावरच होतो.

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा सांभाळून, नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, ओल्या रस्त्यावर गाडी फार आडवी करू नका. हवेचा आकडा गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो, बऱ्याच गाड्यांना पुढं २५ आणि मागं एकट्याला २८ च्या आसपास, डबलसीटला जास्त. फिटिंगवाला टायर बसवायला जास्त हवा मारतो आणि तशीच सोडून देतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना चेक करा. पंपावरच्या मशीनचा काटा दर वेळी खरं बोलेलच असं नाही, तीनशेच्या आत स्वतःचा गेज मिळतो तो डिकीत टाकून ठेवा.